चाक सुटं करताना

डोंबिवलीत मोटारसायकलचं चाक घरी काढण्याची गरज कुणालाच नाही. मानपाडा रोडवर चार रस्त्यापासून शीळ रस्त्याकडे चालत निघालं तर वाटेत टायरवाले आणि पंक्चरवाले लागतातच. कल्याण-शीळ रस्त्याकडेला जुना टायर उभा करून ठेवलेला दिसला की समजावं, मागं कॉम्प्रेसर, पाण्याचं घमेलं आणि एक माणूस आहे. गाडी त्याच्या हवाली करायची, स्टुलावर बसायचं, चहा होईपर्यंत काम होतं. मजुरीही अशी नाही की ती वाचवायला कुणी हात काळे करावेत. तरीही टायर बदलायची वेळ आली की मी गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये डबल स्टँडवर घेतो, चाक स्वतः काढतो, नुसतं चाक दुकानात नेतो, नवा टायर चढवून आणतो आणि चाक स्वतः बसवतो. तळमजल्यावरचे काका विचारतात, "अहो, एवढा खटाटोप कशासाठी?" जिन्यात उभ्या उभ्या देता येईल असं उत्तर माझ्यापाशी नाही. जे आहे ते लांबचं आहे आणि त्याची सुरुवात स्कूटरपासून होते.

आमच्या वडिलांच्या पिढीला काकांचा प्रश्न पडलाच नसता. ती स्कूटरची पिढी. बजाजची चेतक १९७२ मध्ये आली आणि पुढं कित्येक वर्षं लोकांनी नंबर लावून तिची वाट पाहिली. ठाण्या-कल्याणच्या चाळींसमोर, नव्यानं उठलेल्या सोसायट्यांच्या फाटकांत त्या स्कूटर उभ्या असत आणि प्रत्येकीसोबत एक स्टेपनी असे. पुढचं चाक, मागचं चाक आणि स्टेपनी एकाच मापाची, कुठलंही कुठंही बसणारी. पंक्चर झालं की गाडी कडेला घ्यायची, नट सोडवायचे, चाक उतरवून स्टेपनी चढवायची, नट आवळायचे. बँकेतले कारकून, शाळेतले मास्तर, विम्याचे एजंट शर्टाच्या बाह्या दुमडून हे काम रस्त्यावर करत आणि हात पुसून पुढं जात. रिमसुद्धा दोन भागांची असे. तिचे नट काढले की दोन्ही भाग वेगळे होत आणि टायर मोकळा होई, टामीनं रेटायचीही गरज नाही.

ही सोय आपोआप झालेली नव्हती. चेतकचं मूळ व्हेस्पात आहे. १९६० च्या दशकात बजाजनं आकुर्डीच्या कारखान्यात इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्यानं व्हेस्पाच बनवली. त्या व्हेस्पाचा आराखडा करणारे कोरादिनो दास्कानियो विमानांचे इंजिनियर, हेलिकॉप्टरच्या वेडानं झपाटलेले. मोटारसायकल त्यांना आवडत नसे. साखळीच्या तेलानं कपडे खराब होतात आणि वाटेत पंक्चर झालं तर चाक काढणं जिकिरीचं, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. १९४६ मध्ये आलेल्या व्हेस्पात त्यांनी पुढचं चाक दोन दांड्यांच्या मध्ये न अडकवता विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूनं धरलं. दुसरी बाजू मोकळी राहिली, तिथून चाक सरळ बाहेर ओढता येऊ लागलं. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. कागदावर रेघा ओढणारा एक माणूस अशा कुणाचा तरी विचार करतो आहे, जो कधीतरी, कुठल्यातरी रस्त्यावर, बहुधा घाईत, हातात एक पाना घेऊन उकिडवा बसलेला असेल. त्याच्या हाताला वाट मोकळी ठेवली पाहिजे, असं त्याला वाटतं. पुढं ऐंशीच्या दशकात तीन हात नाक्याच्या कडेला स्टेपनी बदलणाऱ्या ठाणेकरांना दास्कानियो हे नाव ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण त्यांचा विचार त्या प्रत्येकाच्या उपयोगी पडत होता.

माझे बाबा वागळे इस्टेटमध्ये फिटर होते. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी ही एक. तेव्हा या साऱ्या पट्ट्यात घरटी कुणीतरी लोखंडाशी नाहीतर यंत्राशी बांधलेलं असे. कुणी कळव्याच्या मुकुंदमध्ये, कुणी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, कुणी शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये, कुणी कल्याणच्या लोको शेडमध्ये. घरात देव्हारा असतो तसा पान्यांचा डबा असायचा असं मी म्हणणार नाही, पण खंडेनवमीला तो डबा उघडला जाई हे खरं. बाबा रिंग पाने, पेचकस, पक्कड, हातोडी घासलेटच्या फडक्यानं पुसून पाटावर मांडत, प्रत्येकावर हळदकुंकू आणि झेंडूचं एकेक फूल. त्यांची शिकवण एकच होती. सोडवलेला भाग ज्या क्रमानं निघाला त्याच क्रमानं फडक्यावर डावीकडून उजवीकडे मांडायचा, बसवताना उजवीकडून डावीकडे यायचं. त्या क्रमात एखादी वस्तू उरली किंवा कमी पडली तर गाडी सुरू करायची नाही.

मग मोटारसायकली आल्या. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १००, १९९४ मध्ये स्प्लेंडर, २००१ मध्ये पल्सर. पेट्रोल कमी लागे, पळायला बऱ्या. २००० नंतरच्या दशकात गिअरवाली चेतक बंदही झाली. या गाड्यांबरोबर स्टेपनी गेली, आणि स्टेपनी गेल्यावर चाक काढायचं ज्ञान घरातून पंक्चरच्या दुकानात गेलं. त्याच काळात आमच्या पट्ट्यातले कारखानेही एकेक करून थंडावत होते. मोहन्याचा एनआरसी २००९ मध्ये बंद पडला. शीळ रस्त्यावर प्रीमियरच्या मोटारी बनत, तिथं आता टॉवर उभे आहेत. बाबांच्या डब्यातले पाने मात्र तसेच होते. ते गंजू नयेत एवढ्याचसाठी मी सुरुवातीला ते हातात घेतले. पुढं त्यातलं सुख कळलं.

माझी गाडी स्प्लेंडर. मागचा टायर बदलायची वेळ मी मे महिन्याच्या शेवटाला ठरवून ठेवलेली असते, कारण जूनमध्ये शीळफाट्यापासून पुढं पाणी कुठं, खड्डा कुठं हे सांगता येत नाही. टायर रस्त्याला टेकतो ती जागा तळहाताएवढीसुद्धा नसते. त्या दोन टिचभर जागांवर माणूस, मागं बसलेलं माणूस, पाठीवरची बॅग आणि गाडी असा सगळा भार पेललेला असतो. टायरवरच्या खाचा कोरड्या रस्त्यात फारशा उपयोगाच्या नसतात. त्या आहेत पाण्यासाठी. रबराखाली सापडलेलं पाणी त्यांच्यातून बाजूला निघून जातं म्हणून रबर डांबराला भिडतं. खाचांच्या तळाशी अधूनमधून रबराचे छोटे उंचवटे सोडलेले असतात. टायर झिजत झिजत त्यांच्या पातळीला आला की तो बदलायचा. कल्याणात २०१८ च्या जुलैमध्ये खड्ड्यांनी दुचाकीवरच्या माणसांचे जीव घेतले. ते टायरमुळे गेले नव्हते, आणि चांगल्या टायरनं ते वाचले असते असंही नाही. पण रस्ता माझ्या हातात नाही आणि टायर आहे, एवढं त्या पावसाळ्यानं मनावर ठसवलं.

काम सकाळी, उन्हाच्या आधी. जमीन सपाट हवी. डबल स्टँडवर गाडी चढवली की मागचं चाक अधांतरी होतं. पहिल्यांदा ब्रेकच्या रॉडचा नट हातानंच फिरवून काढायचा. स्प्रिंग आणि दंडगोल पिन निघाली की ती पुन्हा रॉडवरच ओवून नट दोन आटे लावून ठेवायचा, म्हणजे हरवायला काही उरत नाही. मग ब्रेक प्लेटला चॅसीशी जखडून ठेवणारी पट्टी. तिच्या बोल्टला कॉटर पिन असते. वर्षानुवर्षं चिखल खाऊन ती पिन मातीच्याच रंगाची झालेली असते. तिचे पाय सरळ करून ओढायची आणि टाकून द्यायची. जुनी पिन परत वाकवली की तुटते. या पट्टीचं काम बाहेरून कळत नाही. ब्रेक दाबल्यावर आतले शू ड्रमला धरतात तेव्हा सगळी ब्रेक प्लेट चाकाबरोबर फिरू पाहते. तिला फिरू न देणारी ही एक पट्टी. ती नसेल तर रॉड वाकतो, चाक जाम होतं आणि गाडी माणसाला फेकते. गाडी धुताना तिच्याकडे कुणी पाहतही नाही.

त्यानंतर एक्सलचा मोठा नट. याला लांब दांड्याचा पाना लागतो आणि घाई चालत नाही. पाना नटावर पूर्ण बसला आहे ना हे बोटानं चाचपायचं, पाय रोवायचे, मग जोर. नट सुटताना एक कोरडा आवाज येतो. तो आवाज ऐकू आला की पुढचं सगळं सोपं असतं. एक्सलच्या टोकावर लाकडाचा तुकडा धरून हातोडीनं हलकेच ठोकायचं, म्हणजे आटे खराब होत नाहीत. एक्सल निघू लागला की ब्रेकच्या बाजूची छोटी नळी, स्पेसर, खाली पडते. तिची एक बाजू आत आणि एक बाहेर असते, म्हणून पडायच्या आधीच ती हातात घ्यायची आणि जशी होती तशी फडक्यावर ठेवायची.

आणि इथं स्प्लेंडरमधली ती जागा येते, जी मला दर वेळी थांबवते. एक्सल संपूर्ण बाहेर आला तरी चेन आणि तिचं मागचं दातेरी चाक जागच्या जागी राहतं. ते एका वेगळ्या पोकळ एक्सलवर बसवलेलं आहे आणि त्याचा नटही निराळा आहे. चाक त्यापासून बाजूला ओढायचं. हबमधल्या रबराच्या तुकड्यांतून ते निसटतं, गाडी जरा कलती केली की मडगार्डखालून बाहेर येतं, आणि चेनला हात लावावा लागत नाही. चेनचा ताण, तिची सरळ रेषा फारशी बिघडत नाही. जुन्या बुलेटमध्येही अशी सोय होती. ही रचना महाग पडते, चार भाग जास्त लागतात. टायर बदलायला चेन उतरवावी लागली असती तरी गाडी विकली गेली असती. तरीही जपानमधल्या कुणा इंजिनियरनं ठरवलं की ज्याला चाक काढायचं आहे त्याला चेनचा त्रास कशाला. चाक हातात घेऊन बसलो की मी त्या न पाहिलेल्या माणसाचे मनापासून आभार मानतो. वस्तू वापरणाऱ्याबद्दल आदर असणं म्हणजे काय, हे मला कुठल्याही जाहिरातीपेक्षा त्या पोकळ एक्सलनं जास्त स्पष्ट सांगितलं.

ड्रम उघडा पडला की आत काळी भुकटी असते. ती तोंडानं फुंकायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि भुकटी फुप्फुसात जायला नकोच. ओलं फडकं पुरतं. बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवायचं. गुळगुळीत फिरलं तर ठीक, बोटाला खरखर जाणवली तर टायरबरोबर बेअरिंगही आणायचं. दुकानात गाडी दिली की यातलं काहीच आपल्याला कळत नाही. तिथला माणूस लक्ष देणारा असला तरी त्याच्यामागं तीन गाड्या थांबलेल्या असतात, आणि तो बेअरिंग बघणार नाही याचा दोष त्याला देता येत नाही.

चाक निघालं, पण टायर अजून रिमवरच आहे. माझं काम इथं थांबतं. याचं कारण सांगायला थोडं मागं जावं लागेल. आपल्याकडे बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवत, तेव्हा ती गोवऱ्यांच्या जाळात लाल करून, फुगवून चाकावर घालत आणि वरून पाणी ओतत. आक्रसलेली धाव मग आयुष्यभर निघत नसे, निघावी अशी अपेक्षाही नसे. हवेच्या टायरचंही सुरुवातीला तसंच होतं. बेलफास्टचे जनावरांचे डॉक्टर जॉन डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर केला आणि १८८८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पण तो टायर रिमला चिकटवलेला असे. १८८९ मध्ये फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ गावात मिशेलिन बंधूंच्या कारखान्यात एक सायकलस्वार असा फाटलेला टायर घेऊन आला. तो काढून दुरुस्त करून परत चिकटवायला काही तास गेले आणि डिंक वाळायला अख्खी रात्र. त्या अनुभवातून त्यांनी सुटा होणारा टायर बनवला. १८९१ च्या सप्टेंबरमध्ये चार्ल्स तेराँनं तो लावून पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत ही जवळजवळ १२०० किलोमीटरची शर्यत सुमारे ७१ तासांत जिंकली. वाटेत पंक्चर झालं तरी तो टायर तिथल्या तिथं दुरुस्त होत होता. हवेचा टायर जगभर पसरला तो मऊ चालतो म्हणून, हे खरंच आहे. पण तो काढून पुन्हा घालता येतो ही अर्धी गोष्ट आपण विसरतो.

पुन्हा घालता येतो, पण ज्याला येतो त्याला. टायरच्या कडेत पोलादी तारांचं कडं असतं, ते ताणत नाही. रिमच्या कडेपेक्षा ते लहान असतं आणि तरी त्यावरून जायचं असतं. कासार घट्ट बांगडी चढवतो तसंच हे आहे. साबणाचं पाणी लावायचं, आणि समोरची बाजू रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरायची म्हणजे इकडच्या बाजूला तेवढी जागा मिळते. जोर करायचा नसतो. जोर केला की ट्यूब टामीत सापडते. हे हाताला येण्यासाठी रोज शंभर टायर हाताखालून जावे लागतात. माझ्या हाताखालून जात नाहीत.

म्हणून चाक घेऊन मी अण्णांकडे जातो. या भागातली पंक्चरची कित्येक दुकानं केरळातून आलेल्या माणसांनी थाटलेली आहेत. अण्णाही पालक्काडकडचे, मराठी मात्र अस्सल डोंबिवलीचं. देशातल्या रबराचा मोठा हिस्सा त्यांच्या राज्यातून येतो आणि ते रबर चाकांवर चढवायला माणूसही तिथूनच आला, याची मला नेहमी गंमत वाटते. टायरच्या पोटातला धागा तर आमच्या दाराशीच तयार होत आला आहे. सुरुवातीला टायरमध्ये सुती दोर असत, मग रेयॉन आलं, पुढं नायलॉन. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमधून टायरसाठीचा रेयॉन धागा निघतो. भांडुपला सीएटचा कारखाना आहे, आणि नागपूरजवळ बुटीबोरीला दुचाकीचे टायर बनतात. म्हणजे जी वस्तू आपण फक्त काळी आणि गोल म्हणून ओळखतो तिच्यात कोट्टायमचा चीक, शहाडसारख्या गावातला धागा आणि कुठल्या कुठल्या पाळीतल्या कामगारांची झोप मिसळलेली असते.

अण्णा नवा टायर पुढ्यात टाकतात तेव्हा मी त्याच्या कडेवरचं वाचून घेतो. २.७५-१८ म्हणजे पावणेतीन इंच रुंद, अठरा इंची रिमचा. शेजारी ४८ पी असेल तर एका टायरवर १८० किलो भार चालेल आणि ताशी १५० किलोमीटरपर्यंत तो टिकेल. कोपऱ्यात एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १०२३ असेल तर २०२३ चा दहावा आठवडा. रबर दुकानातही म्हातारं होतं, आणि म्हातारं रबर पावसात धरत नाही. मी आकडे वाचतो याचा अण्णांना राग येत नाही. उलट एकदा त्यांनी स्वतःच हातातला टायर परत ठेवून मागच्या खोलीतून दुसरा आणला. फिरण्याच्या दिशेचा बाण बरोबर धरायचा, पिवळा ठिपका वॉल्व्हपाशी आणायचा, कारण वॉल्व्हची बाजू जड आणि ठिपक्याची बाजू हलकी. ट्यूबला पावडर, रिमच्या आतून आऱ्यांच्या टोकांवर रबरी पट्टी. थोडी हवा भरून टायर जमिनीवर आपटायचा, मग पुरी हवा. कडेची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली की टायर बसला. अण्णांचे हात हे सगळं बोलता बोलता करतात. त्यांच्या पुढ्यात डिलिव्हरीवाली मुलं ताटकळत असतात. त्यांच्यासाठी चाक थांबलं म्हणजे मजुरी थांबली, म्हणून मी माझं चाक बाजूला ठेवून आधी त्यांचं करू देतो.

जुना टायर तिथंच राहतो, आणि त्याची गोष्ट मला टाळता येत नाही. काही टायरांच्या झडपा, पट्ट्या, बादल्या होतात. पुष्कळसे गोळा होऊन पुढं जातात. पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात जुने टायर तापवून तेल काढणारे बरेच कारखाने आहेत. त्यांच्या काळ्या धुराबद्दल गावकरी तक्रारी करत आले आहेत, आणि अशा ठिकाणी स्फोट होऊन माणसं दगावल्याच्या बातम्याही येऊन गेल्या आहेत. डोंबिवलीहून वाडा लांब नाही. टायर कारणाशिवाय लवकर बदलू नये, हवा नेमकी ठेवून त्याचं आयुष्य वाढवावं, हे मला पैशांपेक्षा या कारणानं जास्त पटतं.

चाक घरी आणून बसवताना फडक्यावरच्या वस्तू उजवीकडून डावीकडे. हबमधले रबर नीट बसले आहेत ना ते पाहायचं. एक्सल पुसून त्याला ग्रीसचा पातळ हात द्यायचा. चाक आत सरकवून दातेरी भागाशी जुळवायचं, ते रबरांत शिरतं तेव्हा हाताला कळतं. ब्रेक प्लेट, स्पेसर, एक्सल. नट आधी हातानं, जातील तितके आटे. पट्टीचा बोल्ट, नवी कॉटर पिन, तिचे पाय वाकवलेले, ब्रेकचा रॉड परत जोडलेला. मग एक्सलचा नट पूर्ण आवळायचा, पण त्याआधी ब्रेक एकदा दाबून धरायचा म्हणजे शू ड्रममध्ये मधोमध येतात. चेनची ढील दोन ते तीन सेंटिमीटर, चाक फिरवत दोन-चार ठिकाणी तपासायची, कारण चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टरवर रेघा कोरलेल्या असतात. डावीकडची आणि उजवीकडची एकाच खुणेवर हवी. त्या रेघाही कुणीतरी आपल्यासाठीच कोरल्या आहेत. पुढच्या चाकाच्या ब्रेक प्लेटला एक खाच असते, ती शॉकअपवरच्या टोकात अडकल्याशिवाय चाक बसतच नाही. अशा किती खुणा या गाडीत आहेत! चुकीचं बसू नये म्हणून केलेल्या, न बोलता सांगणाऱ्या.

नव्या गाड्यांत त्या कमी होत चालल्या आहेत. घराघरातल्या गिअर नसलेल्या स्कूटरचं मागचं चाक काढायला आधी सायलेन्सर उतरवावा लागतो. काही इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये मोटरच चाकात आहे, जाड वायरींसह; पंक्चरवाला तिच्याकडे बघून मान हलवतो. ट्यूबलेस टायरनं वाटेतलं पंक्चर सोपं केलं हे मान्य, रात्री शीळफाट्यावर अडकलेल्या बाईला त्याचं मोल विचारावं. पण सीटखालची टूल किट आक्रसत आक्रसत एका पेचकसावर आली, यात मला अपमान वाटतो. गाडी उघडणं हे तुमचं काम नाही, असं ती मला सांगते. मी ते ऐकत नाही. सगळं मला आलं पाहिजे असा माझा हट्ट नाही; टायर अण्णांचाच, इंजिन मेकॅनिकचं. पण ज्या नटावर माझ्या मागं बसणाऱ्या माणसाचा जीव आहे, तो एकदा तरी मी आवळलेला असावा, आणि गाडी बनवणाऱ्यानं मला तो आवळता येईल असा ठेवावा, एवढी अपेक्षा दास्कानियोंनंतर इतक्या वर्षांनी मोठी नाही.

काकांना यातलं थोडंसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चेतकचं चाक मी बदलायचो रे. पाना होता एक, दोन्ही टोकांचा." मग खाली येऊन त्यांनी गाडी धरली, मी मागचं चाक हातानं फिरवलं. ब्रेक कुठं घासत नव्हता.

नवा टायर गुळगुळीत असतो; साच्यातून सुटावा म्हणून लावलेला थर त्यावर राहिलेला असतो. शंभरेक किलोमीटर वळणं सावकाश घ्यायची, ओल्या रस्त्यावर तर जास्तच. दुसऱ्या दिवशी कामावर, वागळे इस्टेटच्या पार्किंगमध्ये पोचल्यावर, गाडी थंड व्हायच्या आधीच, बॅगेतून पाना काढून एक्सलचा नट पुन्हा तपासला. हलला नाही. कॉटर पिन जागेवर होती. ब्रेकच्या पॅडलची ढील अर्ध्या फेऱ्यानं कमी केली, हात धुतले आणि कामाला लागलो.